जिन्याखालचा फोन

परवा माझा भाचा तोंड पाडून घरी आला. त्याला मोबाईलची कंपनी बदलायची होती. जुन्या कंपनीने डिपॉझिट अडकवून ठेवलं, वर फोन बंद करायचे म्हणून वेगळे पैसे लावले, आणि नंबर गेला तो गेलाच. "मामा, हा सरळ दरोडा आहे," म्हणाला. मी म्हटलं, "दरोडा आहेच, पण नवा नाही. बस, चहा टाकतो." चहा आता मलाच टाकावा लागतो. शालनला जाऊन वर्ष होत आलं.

वसाहतीच्या दिवाळी अंकाची मंडळी दर वर्षी मागे लागतात, "जाधवकाका, टेलिफोन खात्यातल्या गमती लिहा." मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. खात्यात आलो तो खड्डे खणायला, पुढे लाइनमन झालो आणि लाइनमन म्हणूनच बाहेर पडलो. गमती मला लिहिता येत नाहीत. एक झालेली गोष्ट लिहितो. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आधी आमचं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एक्सचेंजमध्ये मशीन असतं. तिथून जमिनीखालून जाडजूड केबल निघते. ती रस्त्याकडेच्या लोखंडी कपाटात येते, तिथून तुमच्या बिल्डिंगीच्या पेटीत, आणि पेटीतून वायर तुमच्या घरात. प्रत्येक फोनला दोन तारा लागतात. त्याला आम्ही जोडी म्हणायचो. बिल्डिंगीच्या पेटीत जोड्या मोजक्या. त्या भरल्या की नवा फोन नाही. आता पेटीला कुलूप आणि किल्ली आमच्याकडे. "जोडी खाली नाही," असं आम्ही म्हटलं की मोठमोठे डॉक्टर-वकील मान खाली घालायचे. कोण बघणार उघडून? या एका वाक्यावर आमच्या खात्यात काही लोकांनी बंगले बांधले.

त्या काळी फोन म्हणजे काय होता हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. नंबर लावून माणूस वर्षानुवर्षं बसायचा. फोन आला की हळदकुंकू, पेढे. ठाण्यात कोपरीला एक जण फोनला रोज फूल वाहायचा आणि रात्री लाकडी खोक्यात घालून कुलूप लावायचा. मी म्हटलं, "अहो, वाजला तर?" तर म्हणाला, "वाजू दे, उचलायला पैसे पडत नाहीत, पण बायको उचलते आणि मग बोलत बसते." पेढे मी घेतले. पाकीट आणलं असतं तर शालनने मला दारात उभं केलं नसतं. ती काही साधूसंत नव्हती, पण तिचा एक हिशेब होता. म्हणायची, "पेढा घरात आला की संपतो. पाकीट आलं की दुसरं बोलावून आणतं."

सगळ्यात वाईट हाल फोन हलवणाऱ्याचे. त्यातही ठाण्याहून डोंबिवलीला. नकाशावर जवळ, पण ठाणं एका कारभाराखाली आणि डोंबिवली-कल्याण दुसऱ्या. इथला फोन बंद करायचा, इथून कागद तिकडे जायचा, मग तिकडे नवा नंबर. सरकारी फी थोडीच होती, तिला पावती मिळायची. पण कागद आपल्या पायाने चालत नाही. त्याला चालवायचे पैसे वेगळे, आणि त्याला पावती नाही.

वर्तकनगरात आमच्या मागच्या बिल्डिंगीत सावंत राहायचे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झालेले, मालवणकडचे. सगळ्या बिल्डिंगीत त्यांच्याकडेच फोन, कारण मुलगा दिलीप कुवेतला होता. त्यानेच पैसे भरून घेतलेला. त्याने पाठवलेल्या पैशांतूनच डोंबिवलीला मानपाड्याकडे दोन खोल्यांचा ब्लॉक झाला आणि सावंत तिकडे गेले. इथली खोली विकली, घेणाऱ्याने कुलूप लावून ठेवलं. फोन हलवायचा अर्ज रीतसर दिला.

आमचा लाइन इन्स्पेक्टर होता दळवी. माणूस पांढऱ्या सफारीतला, बोलायला गोड. सावंतांना म्हणाला, "बंद करायचे, फाईल हलवायचे, तिकडच्या जोडीचे, सगळं मिळून माझ्याकडे द्या. तुम्ही डोंबिवलीत पाय ठेवायच्या आत फोन वाजेल."

सावंत म्हणाले, "देतो ना. पावती द्या."

"सावंतसाहेब, पावती कसली? घरातली गोष्ट आहे."

"मग घरातले पैसे घरातल्यांनाच देईन, तुम्हाला नाही. पावतीशिवाय मी आयुष्यात बसचं तिकीट घेतलं नाही."

मी तिथेच होतो. मला मनातून बरं वाटलं, आणि पुढे काय होणार तेही कळलं. दळवीने इथला फोन दुसऱ्याच दिवशी बंद केला. बंद करायला खात्याला कधी वेळ लागायचा नाही. कागद मात्र त्याच्या टेबलाच्या खणात जाऊन पडला. सावंत आठवड्याला येणार, दळवी चहा पाजणार, "डोंबिवलीत जोडी खाली नाही," म्हणून परत पाठवणार. असे दोन-अडीच महिने गेले. सावंत हट्टाने येत राहिले.

आणि एके सकाळी रेडिओवर बातमी. कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं.

तिथे आपली किती माणसं होती ते ठाणे-डोंबिवलीतल्या घराघरांना विचारा. पत्रं बंद. तिकडे फोन लागेना. काही लोक गाड्यांतून वाळवंट ओलांडून जॉर्डनमध्ये, अम्मानला पोचतात आणि तिथून एखादा फोन घरी करतात, एवढं ऐकू येऊ लागलं. एखादाच फोन. लांबच लांब रांग, मागचा ढकलतोय, लाइन कधी तुटेल सांगता येत नाही. त्यात माणूस लावणार तो नंबर जो पाठ आहे. दिलीपला पाठ होता तो वर्तकनगरचा. तो बंद.

सावंतकाकू त्या दिवशी आमच्या घरी आल्या. मानपाड्याहून बसने, एकट्या. चप्पल एका पायात एक, दुसऱ्यात दुसरीच. मागून सावंत आले. काकू आमच्या दारातच बसल्या आणि नवऱ्याला बोलायला लागल्या.

"तुमच्या त्या पावतीपायी माझो झील रानात उभो आसतलो फोन हातात घेवन! आणि हंय घंटा वाजाची नाय! पावती घेवा आता, फ्रेम करून लावा भिंतीर!"

सावंतांनी खिशातून पैशांचं पुडकं काढून माझ्यासमोर धरलं. "जाधव, हे दळवीला दे. जेवढे मागेल तेवढे दे."

मी गेलो दळवीकडे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता डोंबिवलीला कागद पोचून फोन लागायला पंधरा दिवस तरी. आणि लागला तरी नंबर नवा. त्या पोराला तो कोण सांगणार?" खरं होतं. वर म्हणाला, "आणि त्यांची जुनी जोडी मी खालच्या किराणावाल्याला दिलीय. त्याचे पैसे आलेत. आठ-दहा दिवसांत जोडायचीय."

म्हणजे आता पैसे देऊनही उपयोग नव्हता. वेळेवर न दिलेल्या पैशांचा दंड कुठल्या कुठे जाऊन बसला बघा.

घरी आलो. शालन काकूंना जबरदस्तीने भात भरवत होती. मला म्हणाली, "अहो, तुम्ही बंद करता म्हणजे नक्की काय करता? नंबर मरतो का?"

नंबर मरत नाही. एक्सचेंजमध्ये एक मोठी चौकट असते, तिला आम्ही फ्रेम म्हणतो. एका बाजूला नंबर, दुसऱ्या बाजूला केबलच्या जोड्या, मध्ये एक छोटी वायर. बंद करताना ती वायर काढतात. मशीनमधून नंबर पुसायचं काम सावकाश होतं. सावंतांचा अजून पुसला नव्हता. वायर परत जोडली तर वर्तकनगरच्या पेटीत तो जिवंत होणार होता. फक्त हुकूम नसताना ती जोडणं म्हणजे चोरी. नोकरी जाणार, मिळणारी पेन्शन जाणार.

शालनला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग कधी जाताय?"

फ्रेमवर माझा दोस्त होता, पांडू नाखवा, चेंदणी कोळीवाड्यातला. त्याला बाहेर टपरीवर बोलावून सांगितलं. मी म्हटलं, "पांडू, पकडले गेलो तर दोघंही घरी."

तो म्हणाला, "आरं जाधवा, घरी होरी हाय माजी, मासं मारीन. तुजं काय, तू डोंगरातला, तुना पवता पन येत नाय. जा, पेटी उघर. मी जोरतंय."

पेटी होती सावंतांच्या जुन्या बिल्डिंगीत जिन्याखाली. खोलीला कुलूप, म्हणून मी एक जुना काळा फोन आणला आणि पेटीलाच जोडला. विटेवर फळी, फळीवर फोन. कानाला लावला तर टोन आला. काकूंनी फोनला नमस्कार केला आणि शेजारी पाट टाकून बसल्या.

त्या दिवसापासून काकू सकाळी मानपाड्याहून यायच्या आणि जिन्याखाली बसायच्या. सायकली, पाण्याचा पंप, मांजरं, त्यात ही बाई. बिल्डिंगीतली पोरं जिना उतरताना पाय न वाजवता उतरायची. संध्याकाळी काकू गेल्या की शालन बसायची. काम उरकून दिवसाही काकूंसोबत बसायची. फोन वाजायचाही मधूनमधून. कुणीतरी रॉंग नंबर, एकदा कुणी गॅस सिलिंडर विचारत होतं. काकूंनी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या मी इथे लिहिणार नाही. फोन ठेवल्यावर काकू म्हणायच्या, "ह्या मेल्यान तेवढो वेळ लाइन अडवल्यान. तेवढ्यात माझ्या झिलान लावलो आसतो तर?"

किराणावाला रोज वाकून बघायचा. तो वाईट नव्हता, पण त्याने पैसे मोजलेले. त्याने दळवीला सांगितलं असणारच.

गणपती आले. सावंतांचा दीड दिवसाचा, पिढीजात. काकू म्हणाल्या, "यंदा नको हाडूया." सावंत म्हणाले, "यंदाच आणायला हवा." काकूंना मानपाड्याला राहावं लागलं. जाताना शालनला म्हणाल्या, "घंटा झाली तर पयली उचल गो. दुसरीची वाट बघू नको."

मी दुपारी जेवायला म्हणून वर्तकनगरला आलो, तर जिन्याखाली दळवी. सणाच्या दिवशी आलेला, म्हणजे मला वाटतं कुणी बघणार नाही असं धरून. हातात पक्कड. शालन पाटावर बसलेली, मांडीवर निवडायला घेतलेली गवार.

"जाधव," दळवी म्हणाला, "मेलेल्या जोडीवर टोन कसा काय? गणपती बाप्पाने सोडला?"

"साहेब, आजचा दिवस थांबा."

"आजचा दिवस, उद्याचा दिवस. तो वाणी माझ्या डोक्यावर बसलाय. तुला घरी बसायचंय का? पांडूलाही घेऊन बस."

शालन म्हणाली, "दळवीभाऊ, तुमचे जे काय पैसे असतील ते मी देते. माझ्या हातातल्या पाटल्या आहेत."

"बाई, सरकारी पेटीच्या मध्ये येऊ नका." त्याने झाकण उघडलं, तारा बोटाने चाचपल्या आणि बरोबर जोडीवर पक्कड लावली. लाइनमनचा जुना हात, चुकत नाही.

मी त्याचं मनगट धरलं. तो माझ्याहून दांडगा. दोघंही तसेच उभे. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या हातावर पडला.

आणि घंटा झाली.

शालनने पहिलीच उचलली. गवार सगळी जमिनीवर.

त्या वेळी परदेशातून बोलायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडायचं. आवाज रिसिव्हरच्या बाहेर यायचा. आधी नुसती खरखर, मग माणसाचा आवाज, "आये? आये, मी दिलीप!"

शालनने माझ्याकडे बघितलं. काय विचार केला तिने, मला कधी कळलं नाही. समजावून सांगायला वेळ होता कुठे? मी शेजारची शालनकाकू, तुझी आई मानपाड्याला आहे, फोन जिन्याखाली आहे, इतकं सांगेपर्यंत लाइन तुटली असती. माझी बायको साताऱ्याकडची. पण इतके दिवस काकूंजवळ बसून तिच्या कानात ती बोली बसली होती. ती ओरडली, "बोल रे झिला! खंय आसस?"

"अम्मानाक पोचलंय! बरो आसंय! आमका इमानान धाडतले!"

"जेवलंस काय?"

पलीकडे जरा गप्प. मला वाटलं तुटला. दळवीची पक्कड अजून तारेवर होती. मी त्याच्याकडे बघितलं नाही, फक्त मनगट सोडलं नाही. त्याने दाबली असती तर मी थांबवू शकलो नसतो, हेही सांगून ठेवतो.

मग आवाज आला, "जेवलंय. काळजी करू नको. बाबांका सांग."

"सांगतंय. जिवाक जप."

"ठेवतंय, आये."

आणि खरखरही थांबली. शालनने रिसिव्हर लगेच ठेवला नाही. दळवी म्हणाला, "झालं ना?" त्याचा आवाज जरा वेगळा वाटला. मग त्याने कटकन तार तोडली. पक्कड खिशात घातली, बाहेर जाताना किराणावाल्याला म्हणाला, "उद्या माणूस पाठवतो."

मी तसाच डोंबिवलीला गेलो. मानपाड्याच्या घरी आरती चालू होती. काकूंनी मला दारात बघितलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. मी आधी "सुखरूप आहे, अम्मानला आहे" हे ओरडलो, मग बाकीचं. सावंत गणपतीसमोर बसले ते उठेनात. काकूंनी मला परत परत सांगायला लावलं, कसा बोलला, खोकत होता का. मग विचारलं, "शालन बोलली? माझ्या नावान?"

"हो. वेळच नव्हता."

"काय इचारल्यान?"

"कुठे आहेस, आणि जेवलास का."

काकूंनी खाली ठेवलेलं ताट उचललं. मग म्हणाल्या, "बरा केल्यान." आणि मला मोदक वाढायला आत गेल्या.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सावंत दळवीच्या टेबलाशी आले. पैसे ठेवले. पावती मागितली नाही. दळवीने मोजलेही नाहीत. पंधरवड्यात मानपाड्यात फोन वाजला. डोंबिवलीत जोडी होती, पहिल्यापासून होती. सगळ्यांना वाटलं, गोड झालं. मला सावंतांचं पावती न मागता ते टेबलाशी उभं राहणं अजून खुपतं. त्यानंतर ते कुठेच पावती मागत नसत, असं काकूच म्हणाल्या. मला मेमो मिळाला, बदली झाली आणि पुढची वर्षं कल्याणला केबलच्या खड्ड्यांत गेली. पांडूचं नाव मी घेतलं नाही. दळवी वेळेवर रिटायर झाला, समारंभ झाला, शाल मिळाली.

दिलीप विमानाने आला. पेढे घेऊन दोघं मायलेक आमच्याकडे आले. तो म्हणाला, "फोनवर आये इतकी शांत बोलली की मला धीर आला." काकूंनी पेढ्यांचा पुडा शालनच्या हातात दिला. शालन "बरं झालं," एवढंच म्हणून आत गेली. आम्हाला मूल नाही. तिला त्या हाकेने हाक मारणारं तोवर कुणी नव्हतं. त्यावर ती माझ्याशी कधी बोलली नाही, मी विचारलं नाही. एकदाच म्हणाली होती, "अहो, त्या पोराला खरं सांगू नका बरं का." पुढे दिलीप परत आखातात गेला, परत आला, डोंबिवलीत दुकान टाकलं. दर दिवाळीला यायचा. शालनला 'काकू' म्हणायचा, पाया पडायचा.

गेल्या वर्षी शालनच्या बाराव्याला काकू आल्या. काठी टेकत, दिलीपच्या आधाराने. सगळे बसलेले असताना मुलाला म्हणाल्या, "दिलप्या, आता सांगतंय. अम्मानाचो तो फोन मी नाय उचललेलंय. ह्या माझ्या शालनबायन उचलल्यान."

दिलीप म्हणाला, "माका तेवाच कळला होता, आये."

"कसा कळला?"

"तू आसतंस तर आधी शिव्यो दिल्लंस. 'मेल्या, खंय मेल्लंस इतके दिवस' म्हणान. जेवलंस काय, ह्या मागसून."

काकू रडता रडता हसल्या. मला मात्र तो फोन परत ऐकू आला. जेवलंस काय म्हटल्यावर तो पलीकडे गप्प झाला होता, आणि ठेवताना पुन्हा 'आये' म्हणाला होता. बोलतेय ती आई नाही, शालन आहे, हे कळल्यावर म्हणाला होता.

मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, मग इतक्या वर्षांत शालनला एकदा सांगायचंस. एकदा तरी."

तो म्हणाला, "वाटलं, सांगितलं तर ती परत नुसती काकू होईल."

मी त्याला जेवून जा म्हटलं.